एक रांग अलीकडे

यादीत चौथं नाव ताईचं होतं. वर एक निवृत्त ड्रायव्हर, खाली कुठल्याशा शाळेतल्या बाई, आणि मध्ये साडेअकराच्या वेळेला त्याची सख्खी बहीण: वय अठ्ठावन्न, तक्रार दोन्ही कानांनी कमी ऐकू येण्याची. त्याने कागद खाली ठेवला, चष्मा पुसला आणि कागद पुन्हा उचलला. नाव तेच होतं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मंगळवारी फोन आला होता, सर. आवाज जरा चढाच होता. इथे ओळखीचं कुणी आहे का असं मी विचारलं, आपण विचारतोच. तर म्हणाल्या, नाही." म्हणजे भाऊ पंचवीस वर्षं लोकांचे कान तपासतोय आणि बहीण परक्यासारखा फोन करून नंबर लावते. परवाच्याच रविवारी ती त्याला प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांवर भेटली होती, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली होती, बायको कधी परत येणार म्हणून विचारलं होतं. कानांबद्दल अवाक्षर नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. दुसरा कुणी असता तर त्याला वाटलं असतं, बिचारी संकोचली असेल. याला वाटलं, आता ती बोलणार. जे बोलायचं म्हणून ती चौतीस वर्षं तोंड मिटून बसली आहे ते ती आज, त्याच्या कामाच्या जागी, टेबलापलीकडे बसून बोलणार, आणि त्यासाठीच तिने रीतसर वेळ मागून घेतली आहे.

ड्रायव्हरला त्याने काचेच्या आत बसवलं. ती खोली म्हणजे खोली कसली, एक मोठं कपाटच. दोन जाड दारं, भिंतींना करडा स्पंज, एक खुर्ची, एक हेडफोन, आणि हातात द्यायला वायरीचं बटण. बाहेर यंत्राशी तो बसे तो जरा तिरका बसे, म्हणजे आतल्या माणसाला त्याचे हात दिसत नसत. हात दिसले की लोक हातांकडे बघून बटण दाबतात. आवाज आला की दाबा, अगदी बारीक आला तरी दाबा, शंका असेल तरी दाबा, एवढंच सांगायचं. ते तो दिवसातून दहा वेळा सांगे. आतल्याने दाबलं की बाहेर यंत्रावर हिरवा दिवा लागतो. ऐकू आलं तर आवाज दहाने खाली न्यायचा, नाही आलं तर पाचने वर आणायचा, आणि जेमतेम पोचतो तिथे कागदावर खूण करायची, उजव्या कानाची लाल गोल, डाव्याची निळी फुली. काम सोपं आहे, माणसं सोपी नाहीत. आत इतकी शांतता असते की माणसाला स्वतःचं रक्त ऐकू येतं, आणि नापास व्हायचं तर कुणालाच नसतं. यंत्र मुकाट असतं आणि इकडे दिवा लागतो. ड्रायव्हरने पहिल्या पाच मिनिटांत असा सहा वेळा दिवा लावला. अशा वेळी रागवायचं नाही. दोन आवाजांमधलं अंतर कमीजास्त करत राहायचं आणि माणूस दमून खरं सांगायला लागेपर्यंत वाट बघायची. या कामात तो हुशार समजला जाई. सरांना खोटा दिवा लागायच्या आधीच कळतो, असं काउंटरवरच्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. का कळतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्याची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे त्या प्रार्थनामंदिरातला समाज, लहान होती आणि तिचं म्हणणं सरळ होतं. माणूस पाण्यात हातपाय मारतोय आणि देव काठावरून दोर टाकतोय, अशी गोष्ट त्यांच्याकडे सांगत नसत. माणूस बुडून तळाला गेलेला आहे, मेलेला आहे, आणि मेलेल्याला हात वर करता येत नाही. काढायचं तर वरूनच काढतात. कुणाला काढायचं हे जग मांडायच्या आधीच देवाने ठरवलं आहे, आणि ते ठरवताना कुणाचा चांगुलपणा बघितलेला नाही, कारण बघण्याजोगा तो कुणातच नव्हता. म्हणून तारण, म्हणजे असं वर काढलं जाणं, मिळवायचं नसतं. ते आलं की कळतं. ज्याला कळलं त्याने आधी वडीलमंडळापुढे, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या सात जणांपुढे, आणि मग सगळ्यांपुढे उभं राहून, देवाने आपल्याला कधी आणि कसं बोलावलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. याला साक्ष म्हणत. साक्ष पटली की प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मिळे. तोवर शेवटच्या, अकराव्या रांगेत बसायचं. त्या रांगेला कुणी वावगं बोलत नसे, उलट जरा जास्तच जपून बोलत. तिथल्या माणसांना 'थांबलेले' म्हणत. थांबलेल्यांत मुलं असत, एखादी नवी सून असे, एखादा म्हातारा असे. मुलं मोठी होऊन पुढे जात, सुना पुढे जात, म्हातारे मरून जात. ताई तिथेच होती, डावीकडून पहिली.

आणि भाकरीचं ताट फिरवायचं काम गेली अकरा वर्षं त्याच्याकडे होतं, कारण आता तोही त्या सातांतला एक होता. पुढून सुरुवात करायची, रांगेच्या एका टोकाला ताट द्यायचं, दुसऱ्या टोकाला जाऊन घ्यायचं, आणि दहावी रांग झाली की वळायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो ताट घेऊन सख्ख्या बहिणीच्या हाताच्या अंतरावर येई आणि एक रांग अलीकडे वळे. ती मान खाली घालत नसे. ताटाकडेही बघत नसे. त्याच्याकडे बघून ओळखीचं हसे, रस्त्यात भेटल्यावर हसतात तसं. ते हसणं त्याला घरापर्यंत पुरे. घरी कुणी नव्हतं. बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली ती नातू शाळेत जायला लागला तरी परतली नव्हती. आज येते, उद्या येते असं फोनवर चालू होतं, आणि नवऱ्यापेक्षा नातू बोलका आहे हे दोघांनाही समजत होतं. तिचं तरी काय चुकलं. तो घरात असून नसल्यासारखा असे. जेवायला बसला की भिंतीकडे बघत जेवे, आणि कसला विचार करताय म्हणून तिने विचारलं की कामाचा म्हणून सांगे. आता एकटा असल्यावर पहिल्या रविवारी तर तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या भांड्यातूनच दोन घास खाऊन घेई. सकाळी हातात धरलेल्या ताटानंतर दुपारी दुसरं ताट धरायचं त्याच्या जिवावर येई.

चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी तो घरात नव्हता. निदान सगळ्यांना तसंच वाटत होतं. तो एकोणीस वर्षांचा होता, तंत्रशाळेची परीक्षा चालू होती, आणि प्रश्नपत्रिका बघून अर्ध्या तासात तो उठून आला होता. चपला हातात घेऊन मागच्या दाराने शिरला. आई आतल्या खोलीत दोन महिने अंथरुणाला खिळलेली होती. खोलीचं दार लोटलेलं होतं. बोळात उभा राहून, पाणी प्यावं की आधी कुठे लपावं, असा विचार तो करत होता तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला. ताई आईला सांगत होती. गच्चीवर मी चादर पिळत होते. मागून कुणीतरी नावाने हाक मारली. वळून पाहिलं तर कुणी नाही. चादर हातात तशीच राहिली, पाणी पायांवर ठिबकत राहिलं, पण गार लागेना. आणि एकदम कळलं की मला शोधायला कुणी आत्ता आलेलं नाही, मी आधीपासूनच सापडलेली आहे. आतून आईच्या रडण्याचा आवाज आला, सुखाच्या रडण्याचा. "मंडळीत सांग," आई म्हणाली. "मी कुणापाशी बोलणार नाही. तुझं तू सांग." तो तसाच पाय न वाजवता बाहेर पडला, तीन तास नदीच्या पुलावर काढले, आणि परीक्षेची वेळ संपल्यावर पुढच्या दाराने घरी आला. पेपर बरा गेला म्हणून सांगितलं. पहिलं खोटं ते, आणि ते तर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

आई तीन आठवड्यांनी गेली. बाबा वडीलमंडळात होते. गंभीर माणूस, हाताने कुणाला शिवणं ठाऊक नाही. आई गेल्यावर ते जेवताना एकदाच म्हणाले, "आपलं एक तरी पोर आत असावं असं तिला फार वाटायचं." पुढच्या महिन्यात रीतीप्रमाणे त्याला सातांपुढे बोलावलं. 'मला अजून काही सांगण्यासारखं नाही' एवढं सांगायला तो उभा राहिला. खरंच तेवढंच सांगायचं होतं. समोर बाबा बसले होते, दाढी वाढलेली, शर्टाची एक बाजू वर एक बाजू खाली, आणि ते त्याच्याकडे न बघता टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. त्याने तोंड उघडलं आणि तो थेट चादरीपाशी गेला. चादरीचा त्याने शर्ट केला, गच्चीची तंत्रशाळेमागची मोरी केली. बाकी सगळं जसंच्या तसं. बाबा रडले. सगळ्यांदेखत उठून त्यांनी त्याला जवळ घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्यांच्या खांद्याला अजून आईच्या औषधांचा वास येत होता. तो वास आणि ते जवळ घेणं सोडून द्यायची ताकद त्याच्यात नव्हती. दोन रविवारांनी तीच साक्ष त्याने सगळ्या मंडळीपुढे दिली, आणि ती आधीपेक्षा बरी झाली. ताई अकराव्या रांगेत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

मग तो वाट बघत राहिला. आज बोलेल, उद्या बोलेल. ताई बोलली नाही, आणि साक्षीलाही उभी राहिली नाही. कशी राहणार? उभी राहून चादरीचं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, भावाचं ऐकून सांगते. तिच्याजवळ जे एकुलतं एक होतं ते त्याने आधी जाऊन खर्चून टाकलं होतं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात लागली, तीस वर्षं चादरी धुवून घेतल्या, तिथेच मुकादम झाली, लग्न केलं नाही. त्याने आपल्या परीने भरपाई केली. तिचा नळ गळला की हा पान्हा घेऊन हजर. तिच्या खिडकीला जाळी बसवली, दरवर्षी हिवाळ्यात शाल नेऊन दिली, ती म्हणे, "अरे, मला काय दहा खांदे आहेत?" अशा वेळी वाटे, आत्ता सांगावं. मग वाटे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि प्रवचनात निवडलेल्यांचा विषय निघाला की तो पहिल्या रांगेत बसून हातांच्या नखांकडे बघे. आपलं नाव त्या यादीत नाही याची त्याला खात्री होती. चोरून आत शिरलेल्याला आतल्या भिंती जास्त स्पष्ट दिसतात. भाकर तोंडात घेताना दर वेळी ती परत काढून ठेवावीशी वाटे, आणि दर वेळी तो ती गिळे.

साडेअकराला ताई आली. खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली, तिच्या धुलाईघरातल्या सवयीने आधी पंख्याकडे आणि मग फरशीकडे बघून घेतलं. त्याने विचारलं, "नंबर कशाला लावलास? मला सांगायचं नाही का?"

"मग काय रांग मोडून घुसू? बाहेर एवढी माणसं बसलीत."

त्याने तिला आत बसवलं, हेडफोन लावले. तिचे केस कानांमागे सारताना त्याच्या लक्षात आलं की आपण तिला कित्येक वर्षांत हात लावलेला नाही. "आवाज आला की दाब," तो म्हणाला. "बारीक आला तरी दाब. शंका असेल तरी दाब." दोन्ही दारं लावून तो बाहेर आला. पहिला आवाज तिला आला. दुसरा आला. मग त्याने खाली नेला, आणि त्याला काचेतून दिसलं की तिची पापणी हलली, मान किंचित वळली, पण दिवा लागला नाही. पुन्हा दिला. पुन्हा मान वळली. दिवा नाही. हजारो माणसं त्याने या काचेतून पाहिली होती. न ऐकताच दाबणारी सगळ्या तऱ्हांची पाहिली होती. ऐकून न दाबणारं माणूस हे पहिलंच. त्याने माइकचं बटण दाबून तिच्या कानात म्हटलं, "ताई, येतोय ना आवाज? मग दाब की."

"आल्यासारखा वाटतो," आतून ताई म्हणाली. "आला असं नाही म्हणता येणार."

"शंका असली तरी दाबायचं असतं. इथे चालतं."

"तुमच्या इथे चालत असेल. मला नाही चालत."

चाळीस मिनिटं लागली. एकदाही खोटा दिवा लागला नाही. कागदावरची रेघ चार हजारापाशी, म्हणजे बारीक आवाजांच्या जागी, खड्ड्यात जावी तशी खाली गेली होती. मोठ्या आवाजाच्या यंत्रांपाशी आयुष्य काढलेल्यांची जाते तशीच. तो तिला टेबलाशी बसवून सांगायला लागला की बारीक आवाज गेलेत, जाडे आहेत, दोन्ही कानांना मशीन लावलं की बरंच सुधारेल, सवय व्हायला महिना जाईल. ती त्याच्या ओठांकडे बघत ऐकत होती. मग तिने कागदावर हात ठेवला. "ते राहू दे. मला एक विचारायचंय. घरी आले असते तर तू चहा करायला उठला असतास, मग भांडी घासायला उठला असतास. इथे तुला उठता येत नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांची वाट संपली याचं कुठेतरी बरंही वाटलं.

"तू साक्ष दिलीस ना," ताई म्हणाली, "त्या हाकेची. ती आधी मी आईला सांगितली होती. आधी मला सगळं बोलू दे, मध्ये बोलू नकोस. मी ती रचली होती. आई दिवसभर एकच विचारायची, पोरं आत आहेत का, पोरं आत आहेत का. झोप नाही, काही नाही. मला बघवेना. एक दिवस गच्चीवरून चादरी आणल्या आणि सांगून टाकलं, मला हाक आली. चादर खरी होती, गच्ची खरी होती. हाक नव्हती. ती शांत गेली. पण मला कळलं, आता आपलं संपलं. मरणाऱ्या आईशी देवाच्या नावाने खोटं बोलणाऱ्या बाईला तो कशाला हाक मारील? आणि दोन महिन्यांत तू उभा राहिलास, आणि शब्दन् शब्द तेच. तू त्या दुपारी परीक्षेला होतास. आई शब्द मोडणारी नव्हती. मी अंगावर काटा येऊन बसले, बाळ्या. मी जे खोटं रचलं होतं ते त्याने उचललं, खरं केलं, आणि तुला दिलं."

"राग नाही आला?"

"आला की. दोन-चार वर्षं चांगला आला. मग म्हटलं, कुणाला द्यायचं ते त्याचं तो बघेल. पण तो आहे, तो खरंच बोलावतो, एवढं तर मला कळलं. बाकीच्यांच्या साक्षी ऐकीव. ही मी डोळ्यांनी बघितलेली. त्यात तू पायांचंही सांगितलंस, पाणी पायांवर पडत होतं आणि गार लागत नव्हतं. ते तर मी आईलाही सांगितलं नव्हतं. मनात होतं, पण जास्त होईल म्हणून गाळलं. तेव्हाच माझी खात्री पटली. चौतीस वर्षं मी त्या एवढ्यावर तिथे बसलेय." तिने मांडीवरची पिशवी सारखी केली. "आता कान चाललेत. त्या हाकेला हे कान लागत नाहीत, मला कळतं, मी काही खुळी नाही. तरी भीती वाटते. म्हटलं, ऐकू येतंय तोवर तुझ्याकडून एकदा ऐकून घ्यावं. कशी होती रे ती हाक? बाईची होती की पुरुषाची? जवळून आली की लांबून?"

त्याला सांगता आलं असतं. आवाजांचं त्याला जितकं ठाऊक होतं तितकं मंडळीत कुणाला ठाऊक नव्हतं; बारीक होती, मागून आली, दोन्ही कानांत सारखी, असं त्याने म्हटलं असतं आणि ती पिशवी उचलून सुखाने घरी गेली असती. पण त्या क्षणी त्याला फक्त स्वतःचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. ज्या पेटीतून चोरलं ती पेटी रिकामीच होती. त्याने ताईचं काही घेतलेलं नव्हतं. चौतीस वर्षांत इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि त्या हलकेपणात तो बोलून गेला. "मी घरात होतो, ताई. पेपर सोडून आलो होतो. बोळात उभं राहून सगळं ऐकलं. मला कधीच काही ऐकू आलं नाही."

ताई त्याच्या ओठांकडे बघत राहिली. ते हलायचे थांबले तरी बघत राहिली.

"मग पायांचं?" तिने विचारलं.

"तेही तुझ्याकडूनच ऐकलं असणार."

"मी म्हणालेच नव्हते."

"म्हणाली असशील, ताई. मला आठवतंय."

"नाही."

काउंटरवरून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. तो फक्त त्यालाच आला. ताईने कागद उचलला, कडेला कड जुळवून त्याची घडी घातली, पुन्हा घडी घातली, पिशवीत ठेवली आणि उठली. दाराशी जाऊन ती वळली. "चौतीस वर्षं गप्प होतास," ती म्हणाली. "आणखी थोडी वर्षं तुला निभलं नसतं का?"

मग ती गेली. हलकेपणाही तिच्यामागोमाग गेला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण बहिणीच्या वाटचं घेऊन तिला रिकामं ठेवलंय. खरं तर त्याच्या खोट्यावरच ती तगून होती, आणि आज स्वतःला बरं वाटावं म्हणून त्याने तेही काढून घेतलं. त्याने तिला दोन फोन केले. तिने घेतले नाहीत, किंवा तिला घंटा ऐकू आली नसेल. दुपारी दोन रोग्यांमध्ये वेळ होता तेव्हा तो स्वतःच आतल्या कपाटात जाऊन बसला आणि दोन्ही दारं ओढून घेतली. पायांचं तिने सांगितलं होतं की नव्हतं? बोळ आठवला, लोटलेलं दार आठवलं, हातातल्या चपलांचा ओला वास आठवला. ताईचा आवाज आठवला: गच्ची, चादर, हाक. पाण्यापाशी आलं की आवाज ताईचा राहत नव्हता, त्याचा स्वतःचा होई, एकोणीस वर्षांचा, बाबांपुढे उभा असलेला. ते तिने गाळलं असेल तर ते त्याच्या तोंडात आलं कुठून? चोरीचा माल आणताना वाटेत त्यात कुणी काही ठेवलं होतं का? की त्याच्याही खोटं बोलण्याच्या हौसेने तेच शोधून काढलं, एका आईची पोरं म्हणून? तो कान देऊन बसला. रक्त ऐकू आलं, दुसरं काही नाही. पंधरा मिनिटांनी काउंटरवरच्या बाईंनी काचेवर टिचकी मारून विचारलं की सर, बरं आहे ना.

शनिवारी तो मंडळीच्या पाळकसाहेबांकडे गेला आणि सगळं सांगितलं. पाळकसाहेब म्हातारे होते, त्यांनी त्या दोघांचे आईबाप पोचवले होते. बराच वेळ ते चष्म्याची दांडी उघडत-मिटत राहिले. "देवाने निवडलं असेल," ते शेवटी म्हणाले, "तर खोट्या साक्षीनेही माणूस निवडलेलाच राहतो."

"आणि नसेल तर?"

"तर खऱ्या साक्षीनेही होत नाही. आपल्या हातात काही नाही म्हणतो ना आपण, ते असं." मग ते जरा खाली आवाजात म्हणाले, "राहा ना आहात तिथे. एवढ्या वर्षांनी कशाला?"

"ताट माझ्याच्याने धरवणार नाही," तो म्हणाला. पाळकसाहेबांनी मान हलवली आणि ताट उद्यापासून सातांतल्या शिंप्याकडे देतो म्हणाले.

तो रविवार महिन्यातला पहिला होता. घंटा होऊन गेल्यावर तो शिरला, म्हणजे बोलायला लागू नये. अकराव्या रांगेत उजवीकडे मुलं खेचाखेच करून बसली होती, मध्ये एक नवी सून आणि तिच्या शेजारी एक म्हातारा, आणि डावीकडच्या टोकाला ताई. तिच्या नि म्हाताऱ्याच्या मध्ये एका माणसाची जागा होती, तिच्यावर तिची पिशवी. तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला. तिने वर पाहिलं नाही. पहिलं गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले, ठीक होतं. गीत संपलं, सगळे बसले, तो उभाच. दहाव्या रांगेतल्या ओळखीच्या माना वळल्या आणि परत सरळ झाल्या. दुसऱ्या कुठल्या रांगेत जाऊन बसणं त्याला शक्य नव्हतं, बाहेर जाणंही शक्य नव्हतं. इतकं एकटं त्याला आईच्या मागेही वाटलं नव्हतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. ती लांबली. प्रार्थनेच्या मध्येच ताईने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ती म्हाताऱ्याच्या बाजूला सरकली.

तो बसला. बाकाची ती जागा तिच्या अंगाने ऊन झालेली होती. पुढून शिंपी ताट घेऊन निघाला. सवय नव्हती, प्रत्येक रांगेशी अडखळत होता. एकेक रांग करत तो दहावीपाशी आला, ताट परत हातात घेतलं, आणि समोर त्याला बघून गोंधळला, काय करावं ते त्याला कळेना. मग नियम आठवून तो वळला. ताट लांब जाताना तिथून कसं दिसतं हे त्याने तेव्हा पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलं नाही. ताई शिंप्याकडे बघून हसली होती की नाही हे त्याने पाहिलं नाही. ती आता पुढे बघत होती. थोड्या वेळाने ती तशीच पुढे बघत बोलली, आणि स्वतःचा आवाज कळत नसल्याने सभागृहातल्या शांततेत ते चांगलं दोन-तीन रांगांना ऐकू गेलं.

"इथे दारातून वारा येतो. पुढच्या वेळी अंगात काहीतरी जाड घालून ये."